पहाऱ्यावर कोण?

(एकपात्री प्रयोग. रंगमंचावर एक स्टूल. कलाकाराच्या खांद्यावर दस्ती. चेहरा शेवटपर्यंत जीवशास्त्र शिकवणाऱ्या मास्तरचा. विनोद करायचा तो अंगाने.)

मीरकॅट हा मुंगसाच्या कुळातला प्राणी. मुक्काम आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे, कालाहारीच्या कोरड्या मुलखात. वजन जेमतेम पाऊण किलो. मागच्या दोन पायांवर ताठ उभा राहतो, शेपटीचा टेकू घेतो आणि पोट उन्हाला देतो. पोटावरचे केस विरळ, खालची कातडी काळसर, त्यामुळे ऊब लवकर मिळते. रोज सकाळी सगळं खानदान बिळाबाहेर येऊन पूर्वेकडे तोंड करून उभं असतं. (उभा राहतो. हात पोटावर. डोळे मिटतो. बराच वेळ काहीच करत नाही.) सूर्यनमस्काराचा हा प्रकार पहिल्या आसनाच्या पुढे कधीच सरकत नाही.

पालम तालुक्यात मीरकॅट नाही. त्याचा भाऊबंद आहे, मुंगूस. जांभूळबेटापासून डिग्रसच्या बंधाऱ्यापर्यंत कुठल्याही बांधावर, कुपाटीत, नाल्याच्या कपारीत ते सापडतं. म्हणजे सापडत नाही, फक्त दिसतं. (दोन पावलांत मंच ओलांडतो आणि विंगेत गायब. पुन्हा डोकावतो.) मीरकॅट वीस-वीसच्या टोळीने राहतो, कधी टोळी पन्नासाच्या घरात जाते. मुंगूस एकटं. पिल्लं पाठीशी असलेली मादी सोडली तर त्याला गोतावळा नको असतो. त्याचं दर्शन शुभ, पण ते दर्शन पाठीचंच होतं, म्हणून पोरं त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला लावतात. मीरकॅटला शपथ लागत नाही. 2005 पासून त्याच्या घरगुती भानगडींवर ‘मीरकॅट मॅनर’ नावाची दूरचित्रवाणी मालिका निघाली आणि 2008पर्यंत चालली. नटांना मानधन नव्हतं.

तेव्हा रक्ताचं नातं मुंगसाशी असलं, तरी पालमच्या शिवारात मीरकॅटसारखा संसार करतो तो एक पक्षी. सातभाई. (दस्ती विस्कटून डोक्यावर घेतो, डोळे वटारतो.) मातकट रंग, फिकट डोळा, पिसं कायम न विंचरलेली, आणि चेहऱ्यावर पीकविमा नामंजूर झाल्याचा भाव. हे पाखरू एकटं दिसलं, तर ते चुकलेलं आहे असं समजावं.

एक सस्तन, एक पक्षी, मधे अख्खा अरबी समुद्र. तरी रीत एकच. कारण पोटाचं आहे. दोघांचंही जेवण मातीत आणि पाचोळ्यात असतं. मीरकॅट पुढच्या पंजांनी वाळू उकरतो, सातभाई चोचीने पाला उलटवतो. (स्टुलाखाली वाकून उकरतो. मागचा भाग प्रेक्षकांकडे.) खाताना डोकं खाली आणि बाकीचं सगळं वर. माळरान उघडं, आकाशात शिकारी पक्षी. अशा अवस्थेत जेवायचं तर कुणीतरी वर बघायला हवं.

(स्टुलावर चढतो.)

हा पहारेकरी. मीरकॅटमध्ये तो वारुळावर किंवा वाळक्या झुडपावर चढतो आणि हळू आवाजात सतत काहीतरी पुटपुटत राहतो. अर्थ एवढाच, की पहारा चालू आहे, खा. हे पुटपुटणं ऐकू येत असेल, तोवर खालचे मान वर करण्यात वेळ घालवत नाहीत. सातभाईंत हीच जागा बाभळीच्या शेंड्यावर, पूर्वी ज्वारीच्या माळ्यावर गोफण घेऊन राखण्या बसायचा तशी.

पहारेकऱ्याच्या त्यागावर पुष्कळ लिहिलं गेलं. मग 1993 मध्ये केंब्रिजचे टिम क्लटन-ब्रॉक दक्षिण आफ्रिकेतल्या कुरुमान नदीकाठी मुक्कामाला गेले. या नदीत पाणी क्वचितच असतं, त्यामुळे काठ शोधायला त्रास होत नाही. तिथे मीरकॅट माणसाळवले गेले. उकडलेल्या अंड्याचा चुरा दाखवला की ते आपणहून वजनकाट्यावर चढायचे. (स्टुलावरून उतरून पुन्हा चढतो, काटा वाचतो, समाधान.) 1999 मध्ये या मंडळींनी हिशेब मांडला. पहाऱ्याला जातो तो पोट भरलेला. धोका त्यालाच आधी दिसतो, आणि बीळ जवळ असल्याने जीवही त्याचा लवकर वाचतो. ज्याला जास्तीचं अंडं चारलं, तो जास्त वेळ पहारा देऊ लागला. हा निष्कर्ष निवडणुकीच्या हंगामात कोणत्याही ढाबेवाल्याने फुकट सांगितला असता.

सातभाईंबाबत मत आणखी निराळं. इस्रायलच्या वाळवंटात त्यांच्याच गोतातला अरबी सातभाई आहे. अमोत्झ झहावी यांनी तो आयुष्यभर पाहिला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पहारा हा मान आहे आणि थोरला धाकट्याला तिथून उठवतो.

(स्टुलावर, धाकट्याच्या आवाजात) “दादा, तुमी जेवा की निवांत. म्या हाय हितं.”

(खाली उडी, थोरल्याच्या आवाजात) “उतर! कालचं पोरगं तू, पहारा द्यायलास व्हय?”

(वर) “आत्ताच तर चढलाव!”

(खाली) “उतरतूस का वढू?”

हे मत सगळ्या अभ्यासकांना मान्य नाही. पण गावच्या पालखीला खांदा देण्यावरून झालेली ढकलाढकली ज्याने पाहिली आहे, त्याला ते पटायला वेळ लागत नाही.

इशाऱ्यांचं शास्त्र वेगळं. मीरकॅटची हाक ऐकून धोका आकाशातला की जमिनीवरचा आणि घाई किती, हे खालच्यांना कळतं. मार्टा मान्सर यांनी या हाका ध्वनिमुद्रित करून पुन्हा ऐकवल्या आणि मीरकॅट त्या त्या हाकेबरहुकूम पळाले. सातभाईंचाही व्यवहार रोकडा. शिक्रा दिसला की सगळे झुडपात. साप किंवा मांजर असेल तर उलट: लपायचं नाही, जमायचं.

आखाड्यावर पऱ्हाट्यांचा ढीग असतो. त्यातून धामण बाहेर येते. (दस्ती जमिनीवर टाकून सावकाश ओढतो.) पहिला सातभाई ओरडतो. दुसरा काय झालं ते न विचारता ओरडतो. तिसऱ्याला धामण दिसतही नसते, तो सगळ्यात मोठ्याने ओरडतो. पंख अर्धवट उघडे, शेपूट पसरलेली, एक पाऊल पुढे, दोन मागे. धामण पुन्हा पऱ्हाट्यांत शिरली तरी सभा चालू राहते. सालगडी जाणता असेल, तर हा गलका ऐकल्यावर आधी पायाखाली बघतो.

आता घरातलं. मीरकॅटच्या टोळीत राज्य आईचं. टोळीतली सुमारे 80 टक्के पिल्लं या एकटीची असतात. बाकीच्या माद्यांनी, म्हणजे बहुतेक तिच्याच लेकी-बहिणींनी, ती सांभाळायची. दुसरी कुणी गाभण राहिली, तर राणी स्वतःच्या बाळंतपणाआधी तिला हाकलून देते. तिची पिल्लं जन्मलीच तर मारूनही टाकते. हाकललेली काही दिवसांनी खालमानेने परतते आणि पुष्कळदा राणीच्याच पिल्लांना दूध पाजते. (दस्ती पदरासारखी घेतो, नाक पुसतो, पदराखाली पिल्लू घेतो.) दर्जा वजनावर ठरत असल्याने खाण्यावरही पाळत असते. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात धाकटीला अंडं चारून जाड केलं, तेव्हा तिच्या वरची बहीण आपणहून जास्त खाऊ लागली.

सातभाईंकडे एवढं क्रौर्य नाही. दिल्लीत 1970च्या दशकात ए. जे. गॅस्टन यांनी त्यांचे थवे अभ्यासले. घरटं एका जोडीचं, चारा सगळे आणतात. दोनेक वर्षांत लेकी दुसऱ्या थव्यात नांदायला जातात, भाऊ बहुधा घरीच राहतात आणि पुतण्यांना अळ्या भरवतात.

शाळा मात्र मीरकॅटचीच. विषय विंचू. पहिलीला मेलेला विंचू. दुसरीला जिवंत, पण नांगी मोडलेला. पुढे अख्खा. पिल्लू हातून सुटलेला विंचू बघत बसलं, तर मोठा तो नाकाने ढकलून पुन्हा समोर आणतो. अ‍ॅलेक्स थॉर्नटन आणि कॅथरीन मॅकऑलिफ यांनी 2006 मध्ये दाखवलं, की पिल्लाची इयत्ता मोठे लोक त्याच्या रडण्याच्या आवाजावरून ठरवतात. लहान पिल्लांजवळ थोराड पिल्लांचं रडणं लावलं, तर त्यांनाही जिवंत विंचू जास्त मिळू लागले. (पहिलीतलं पोर. समोर विंचू. “गुर्जी, ह्ये आमच्या पुस्तकात न्हाई!” स्टुलावर उडी.)

शेजाऱ्यांशी भांडण दोघांचंही हद्दीवरून. मीरकॅट शेपट्या उभारून, उड्या मारत, एका रांगेत चाल करून जातात. सातभाई बांधाच्या दोन्ही अंगांनी जमून ओरडतात, अधूनमधून पायांत पाय अडकवून मातीत लोळतात. मोजणीला कुणी अर्ज करत नाही.

एवढा बंदोबस्त असून सातभाईंच्या घरी चोरी होते. मृगाच्या सुमारास पालमच्या शिवारात पावशा शेतकऱ्याला सांगू लागतो, “पेरते व्हा! पेरते व्हा!” स्वतः तो सातभाईच्या घरट्यात पेरतो. चातकही तेच करतो. सातभाईचं अंडं निळं, यांचंही निळं. पहारेकऱ्याचं सगळं ध्यान शिक्र्याकडे असतं आणि मोजणं त्याच्या कामात येत नाही. पिल्लू बाहेर येतं, भरभर वाढतं, आणि भुकेच्या आरोळ्यांनी आई, बाप, काका, दादा सगळ्यांना कामाला लावतं. घरट्यातून बाहेर पडल्यावरही ते थव्याच्या मागे मागे चोच उघडून हिंडतं.

(विंगेतून पावशाची हाक. कलाकार चोचीत अळी धरल्यासारखा धावत येतो, पिल्लाला भरवतो, परत फिरतो. पुन्हा हाक. पुन्हा धाव. तिसऱ्या खेपेला धापा टाकत प्रेक्षकांत उतरतो आणि पहिल्या रांगेतल्या सगळ्यात धडधाकट गृहस्थाच्या तोंडापुढे अळी धरतो.)

“खा रे, बारक्या.”

(अंधार.)