दहा हजारी मनसबदार

मोगल दरबारात पंचहजारी मनसबदार असत, हे आपण शाळेतच घोकलेलं असतं. आमच्या तहसील कचेरीत 2024च्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात सहा हजारी, आठ हजारी आणि दहा हजारी असे तिन्ही दर्जांचे मनसबदार रुजू झाले. बारावी झालेल्याला महिना सहा हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्याला आठ, पदवीधराला दहा. मुदत सहा महिने. मोगलांच्या मनसबदाराला पदरी घोडे बाळगावे लागत, आमच्यांना आधारशी जोडलेलं बँक खातं बाळगावं लागलं. दोन्हींचा अनुभव असलेला कुणी भेटला, तर तो घोडाच बरा म्हणेल.

योजनेचं नाव 'मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना'. 28 जून 2024 रोजी अर्थमंत्री अजित पवारांनी ती अर्थसंकल्पात वाचून दाखवली, 9 जुलैला शासन निर्णय निघाला आणि आषाढीला मुख्यमंत्री एकनाथ शिंदे पंढरपुरात बोलले, तेव्हापासून ती 'लाडका भाऊ' झाली. बहीण आधीच लाडकी झालेली होती, भाऊ मागे राहिला असता तर घरात भांडणं लागली असती. वर्षाला दहा लाख तरुणांना कामाचा अनुभव द्यायचा, असा संकल्प. वय 18 ते 35. एक अट मात्र मला फार आवडली: ज्याचं शिक्षण चालू आहे, तो अपात्र. कर्मवीर भाऊराव पाटलांनी पोरांना 'कमवा आणि शिका' सांगितलं होतं. इथे शिकून झालेली पोरं कमवायला म्हणून आली, तर सरकारने त्यांना पुन्हा शिका म्हणून आमच्याकडे पाठवलं. आमच्याकडे!

मी कचेरीत अव्वल कारकून. म्हणजे होतो. आता शासनाने आमचं नाव 'सहायक महसूल अधिकारी' केलंय. माझ्या हाताखालचा कारकून 'महसूल सहायक' झाला आणि तलाठी 'ग्राम महसूल अधिकारी'. पदं भरण्यापेक्षा पदांची नावं बदलणं स्वस्त पडतं. आमच्याकडे मंजूर टेबलांपैकी बरीच टेबलं नुसतीच टेबलं आहेत, त्यांच्यामागे माणूस नाही. एका माणसाकडे दोन-दोन, तीन-तीन टेबलांचा 'अतिरिक्त कार्यभार' असतो आणि तो ज्या टेबलावर बसलेला असतो, ते सोडून दुसऱ्या टेबलाचं काम घेऊन लोक येतात. अशा ठिकाणी सहा तरुण मुलंमुली हातात हजर अहवाल घेऊन, इस्त्रीचे कपडे घालून, बरोबर पावणेदहाला दारात उभी राहिली. शिपाई दार उघडत होता. त्याला वाटलं, तपासणी आली.

पहिला पेच खुर्चीचा. नाझरने डेडस्टॉक रजिस्टर काढलं, चष्मा लावला आणि निर्णय दिला, "प्रशिक्षणार्थी आस्थापनेवर नाहीत. त्यांच्या नावे खुर्ची पडत नाही." मग उभ्याने शिकायचं का? यावर नाझर म्हणाला, तसा काही उल्लेख शासन निर्णयात नाही. शेवटी निवडणूक शाखेतून चार प्लास्टिकच्या खुर्च्या 'तात्पुरत्या' निघाल्या. दोघांना जुन्या काळच्या लोखंडी मतपेट्या मिळाल्या. पालथी घातली की पेटी बसायला उत्तम. आमच्या बी.एस्सी. झालेल्या मुलाने सगळा प्रशिक्षण काळ लोकशाहीच्या भक्कम पायावर बसून काढला.

आता यांना शिकवायचं काय? रावसाहेब, म्हणजे आमचे तहसीलदार, मला म्हणाले, "तुम्ही ज्येष्ठ आहात, तुम्ही घडवा त्यांना." मी सहा गठ्ठा पद्धतीपासून सुरुवात केली. प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षाकडे पाठवायचे, नष्ट करायचे. अँडरसन नावाच्या साहेबाच्या काळापासून महसूल खातं या सहा गठ्ठ्यांवर उभं आहे. साहेब गेला, गठ्ठे राहिले. मग वर्गवारी सांगितली: 'अ' कागद कायमचा, 'ब' तीस वर्षांचा, 'क' त्याहून कमी आणि 'ड' एका वर्षाचा. आयटीआयवाला फार लक्ष देऊन ऐकत होता. म्हणाला, "सर, मग आम्ही कशात? सहा महिने म्हणजे 'ड'च्या पण खाली."

पोरगं हुशार होतं. त्याला त्याच दिवशी मी झेरॉक्स मशीनवर बसवलं.

खरं तर त्या पावसाळ्यात शिकवायला वेळ कुणाला होता? लाडक्या बहिणींच्या अर्जांचा पूर आलेला. व्हरांड्यात रांगा, आत गठ्ठे. सगळ्या भावांनी बसून बहिणींचे अर्ज तपासले, हे मी डोळ्यांनी पाहिलं. महिना सहा हजारवाल्याने महिना दीड हजाराचा अर्ज पास करायचा. मग विधानसभा निवडणूक लागली आणि आम्ही सगळे याद्या, पथकं, मतदान यंत्रं यांत गेलो. कचेरी शिल्लक राहिली ती मनसबदारांच्या हवाली. परत आलो तर आवक बारनिशी तारीखवार लिहिलेली, दाखल्यांचे अर्ज गावनिहाय लावलेले आणि भिंतीवर 'कोणत्या दाखल्याला कोणती कागदपत्रं' असा मोठ्या अक्षरांतला कागद डकवलेला. मी जरा अस्वस्थ झालो. हे सगळं भिंतीवरच लिहून टाकलं, तर लोक आम्हाला विचारणार काय?

आमच्या कचेरीची खरी विद्या म्हणजे टिपणी, आणि ती दिली आम्ही बी.कॉम. झालेल्या मुलीला. ती संजय गांधी निराधार योजनेच्या टेबलावर होती. निराधारांचे महिना दीड हजार रुपये थेट खात्यात टाकायचं ठरलं, त्यासाठी आधार पडताळणी आली आणि तालुक्यातले सगळे म्हातारेकोतारे कचेरीच्या पायऱ्या चढू लागले. एका आजींचा अंगठा यंत्राला पटेना. मुलीने एक एक करून दहाही बोटं लावून पाहिली. मग तिने आयुष्यातली पहिली टिपणी लिहून माझ्यासमोर ठेवली: "आजींच्या बोटांच्या रेघा शेतात काम करून पुसल्या आहेत. त्यामुळे यंत्र ओळखत नाही. त्या खऱ्या आहेत. मी त्यांच्याशी बोलले आहे. त्यांचे पैसे थांबवू नयेत."

मी म्हणालो, "भाषा बरी आहे. यातला 'मी' काढ."

"मग बोललं कोण?"

"'संबंधितांशी चर्चा करण्यात आली.'"

"कुणी केली?"

"ते लिहायचं नसतं. उद्या चौकशी लागली तर?"

तिने 'मी' खोडला. मग मी 'आजी' खोडून 'अर्जदार' केलं, 'खऱ्या आहेत' खोडून 'हयात असल्याचे दिसून येते' केलं आणि शेवटी 'उपरोक्त प्रकरणी योग्य ते आदेश होणेस विनंती, मान्यतेस्तव सादर' अशी शेपटी लावली. आजी समोरच्या बाकावर बसून मिसरी लावत होत्या, त्यामुळे 'दिसून येते' याला भक्कम पुरावा होता. कागद रावसाहेबांकडे गेला. त्यांनी मुलीने खोडलेलंही वाचलं असावं, कारण बाहेर येऊन त्यांनी आजींना विचारलं, "काय पेरायचा?" आजी म्हणाल्या, "दुसऱ्याचं." टिपणीवर सही झाली. पण तेव्हापासून ती मुलगी आमची शुद्ध कार्यालयीन मराठी शिकली ती शिकलीच. एकदा डब्यात चटणी नव्हती, तर मैत्रिणीला म्हणाली, "चटणी आणण्यात आलेली नाही." हे मात्र आमच्या प्रशिक्षणाचं निर्विवाद यश.

विद्यावेतनाचं प्रकरण वेगळंच. आम्ही इथून हजेरी ऑनलाइन भरायची, वरून पैसे थेट खात्यात. आयटीआयवाल्याच्या खात्यात पैसेच येईनात. तो रोज मोबाइल बघे आणि रोज आमच्याकडे बघे. शेवटी छडा लागला. आधार ज्या खात्याला शेवटचं जोडलेलं, त्या खात्यात पैसे जातात, आणि याचं आधार जोडलेलं होतं शाळेतल्या शिष्यवृत्तीसाठी काढलेल्या खात्याला, मामाच्या गावच्या शाखेत. त्या खात्याचं केवायसी झालेलं नाही, म्हणून ते गोठलेलं. केवायसीसाठी समक्ष यावं. समक्ष जायचं तर रजा, रजेच्या दिवशी हजेरी नाही. म्हणजे साठलेली मनसब सोडवून आणायला चालू मनसबीतला दिवस मोजायचा. मामाने मात्र चांगला पाहुणचार केला म्हणे.

मनसबदारांतही वरचा दरबार असतो, हे पोरांना एका आढावा बैठकीत कळलं. जिल्ह्याच्या ठिकाणी मुख्यमंत्री फेलो भेटला. ती योजना 2015ची, मधे बंद पडून 2023मध्ये पुन्हा सुरू झालेली. राज्यभरात जागा साठ, वय 21 ते 26, मानधन आणि प्रवासखर्च मिळून आमच्या दहा हजारीच्या कितीतरी पट. तो आपल्या लॅपटॉपवर डॅशबोर्ड दाखवत होता आणि त्या डॅशबोर्डातले आकडे आमच्या दहा हजारीने आदल्या रात्री साडेअकरापर्यंत बसून भरलेले होते. फेलो भला मुलगा होता. चहाच्या वेळी त्याने आपणहून विचारलं, "हा डेटा इतका क्लीन कसा?" आमचा बी.एस्सी. म्हणाला, "मतपेटीवर बसून भरलाय, सर." त्याला विनोद कळला नाही, पण तो हसला. पुढे मोठा अधिकारी होईल.

जानेवारी 2025मध्ये सरकारचा शंभर दिवसांचा कार्यक्रम आला आणि कार्यालय स्वच्छ करा, अभिलेख लावा, असे आदेश सुटले. कुणी लावायचे, हे लिहिण्याची गरजच नव्हती. सहाही जण तोंडाला रुमाल बांधून अभिलेख कक्षात शिरले. लाल कापडातले गठ्ठे उन्हात आले, तेव्हा त्यांतून झुरळांच्या तीन पिढ्या बाहेर पडल्या. एका गठ्ठ्यात बी.एस्सी.ला एका पत्राची स्थळप्रत सापडली. अभिलेख कक्षाचं छत गळतं, तरी दुरुस्ती व्हावी, असं सार्वजनिक बांधकाम विभागाला कळवलेलं. खालची सही ज्यांची, त्यांच्या नातवाचं लग्न आम्ही गेल्या वर्षी जेवलो. पत्राच्या मधोमध पाण्याचा मोठा पिवळा डाग.

"सर, हे 'ड'मध्ये टाकू? नष्ट करायला?"

मी वर पाहिलं. "छत अजून गळतंय. प्रकरण चालू आहे. प्रतीक्षाधीनमध्ये ठेव."

सहा महिने भरत आले, तसा पोरांचा चेहरा उतरला. आम्ही निरोपाच्या हाराची ऑर्डर देऊन मोकळे झालो होतो. तेवढ्यात बातमी आली, मुदत पाच महिन्यांनी वाढली, एकूण अकरा. अकरा! महाराष्ट्रात घर भाड्याने घेतलेल्या कुणालाही हा आकडा सांगावा लागत नाही. भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो, कारण घरमालकाला भाडेकरू घरात मुरायला नको असतो. सरकारनेही पोरांना खोली दिली, पण भिंतीत खिळा ठोकू दिला नाही.

आणि मग पोरं तेच म्हणाली, जे कुणीही म्हणेल: आम्हाला काम येतं, आम्हाला कायम करा. राज्यभरातले प्रशिक्षणार्थी ही मागणी घेऊन रस्त्यावर उतरले, मुंबईत आझाद मैदानात जाऊन बसले. आमच्यातले दोघे गेले. रजा टाकून गेले, अर्ज माझ्याकडे देऊन गेले. अर्जात एकही 'मी' नव्हता.

सरकारचं म्हणणं असं की ही नोकरी नाही, प्रशिक्षण आहे. कागदावर ते बरोबर आहे. मी पहिल्या दिवसापासून पोरांना हेच सांगत आलो. पण मला एक जुनी गोष्ट ठाऊक आहे. मी खात्यात नवा असताना अशाच सुशिक्षित बेरोजगार पदवीधरांना सरकारी कचेऱ्यांत अर्धवेळ मानधनावर घेतलं होतं. त्यांना 'अंशकालीन' म्हणत. योजना संपली, माणसं राहिली. पुढे त्यांना वर्ग 3च्या भरतीत दहा टक्के समांतर आरक्षण मिळालं आणि वयोमर्यादा वाढत वाढत 55वर गेली. जाहिरात कुठलीही काढा, तळाशी बारीक अक्षरांत 'पदवीधर अंशकालीन' बसलेलेच असतात. महाराष्ट्रात आमची निवृत्ती 58ला. म्हणजे तरुणपणी अनुभव घ्यायचा, पंचावन्नाव्या वर्षी नोकरीला लागायचं आणि तीन वर्षांत सत्काराची शाल पांघरून घरी जायचं. तीस वर्षांच्या 'ब' वर्गात ठेवलेला कागदही यांच्याआधी निकाली निघतो.

सरकारने पैसे दिले, हे मी वाईट म्हणणार नाही. फुकट राबवून घेऊन 'अनुभव मिळतोय की' म्हणणाऱ्या खासगी कंपन्यांपेक्षा हे कितीतरी बरं. दहा हजारांत आमच्या बी.कॉम.वालीने धाकट्या भावाची फी भरली. पण ज्या टेबलावर रोज चाळीस माणसं येतात, त्या टेबलाचं काम सहा महिन्यांचंही नसतं आणि अकरा महिन्यांचंही नसतं. आजींना पुढच्या वर्षीही हयातीचा दाखला लागणार आहे. काम कायमचं आणि माणूस भाडेकराराचा, हा हिशेब माझ्या 34 वर्षांच्या नोकरीत मला कुठल्याही साहेबाने पटवून दिलेला नाही. जागा मंजूर आहेत, त्या भरा. हे लिहिताना मी 'मी' वापरतोय, याची मला कल्पना आहे. निवृत्तीला थोडेच महिने उरलेत.

आता आमच्या पोरांची मुदत संपली. दाखल्यासाठी आमच्याकडे याल, तर पहिल्या टेबलावर कुणी नसेल. मतपेट्या पुन्हा निवडणूक शाखेत जमा झाल्यात, नाझरकडे पोच आहे. कोणती कागदपत्रं लागतात, ते भिंतीवरच्या कागदावर लिहिलेलं आहे. तो अजून कुणी काढलेला नाही. तो वाचा, अर्जाला कोर्ट फीचं तिकीट लावा आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.