गाडी खाली बसली हो!

अहो, ऐकलंत का? नाही नाही, तिथून नको, इकडे पारिजातकाच्या बाजूला या. तिथून अण्णांच्या स्वयंपाकघराची खिडकी लागते आणि माईंचे कान म्हणजे... जाऊ दे. सकाळी सव्वासातला तो आवाज आला ना तुमच्याकडे? खर्रर्र करून? मला वाटलं कोणीतरी टोप फरशीवरून ओढतंय. कसला टोप! कोपऱ्यावरच्या अण्णांची सिटी गाडी पोटावर घासली. आणि घासली कशावर, तर अण्णांच्याच गतिरोधकावर!

तो कसा झाला ते तुम्हाला माहीतच आहे. अण्णा चेअरमन होते तेव्हा, त्या डिलिव्हरीच्या पोरांना वेसण घालायला. जन्म बांधकाम खात्यात गेला माणसाचा, पण गवंड्याकडून एका रात्रीत करून घेतला, माप नाही काही नाही. आज मात्र टेप घेऊन उकिडवे बसले होते. उंची भरली १४ सेंटिमीटर. आणि स्वतःच सांगतात, इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानं गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. म्हणजे ऐसपैस, गाडी अलगद चढावी, अलगद उतरावी. आपला हा अर्धा मीटर. रस्त्यात लोड टाकल्यासारखा. आमचे हे दूध घेऊन तिथेच उभे, त्यांना राहवतंय कुठलं! म्हणाले, "अण्णा, म्हणजे वरचे चार सेंटिमीटर तुमचेच की." असा चेहरा उतरला म्हणून सांगू...

तर काय सांगत होते, अण्णांच्या धाकट्याचं. अण्णा महिनाभर थोरल्याकडे बेंगलोरला गेले होते ना, तेव्हाच डाव साधला त्यानं. माई सामील, माझ्याकडून लिहून घ्या. नाना पेठेत चार चकरा मारल्या, मग कुठल्याशा गॅरेजात गाडी दोन दिवस. परत आली तेव्हा मीच पाणी घालायला बाहेर होते. अहो, दिसत होती सुरेख, खोटं कशाला बोलू! मूळची जमिनीपासून १६५ मिलिमीटर उंच गाडी, ती ३५ मिलिमीटरनी खाली उतरवली. लोअरिंग स्प्रिंग म्हणतात त्याला. चाक आणि वरच्या कमानीत मूठ जाईल एवढी फट असायची, तिथे आता दोन बोटं जेमतेम. मांडी घालून बसल्यासारखी दिसते. "काकू, लुक बघा, टोटल वेगळा!" म्हणाला.

मी विचारलं, अरे पण हाडं खिळखिळी नाही का होत? तर म्हणे स्प्रिंग आखूड केली की ती कडकच करावी लागते. मला पटलं हो. गादी पातळ केली तर कापूस ठासून भरायला नको? नाहीतर पाठीला फळीच लागायची. वळणावर म्हणे गाडी कलतच नाही. बरं, नुसत्या जुन्या स्प्रिंगा कापून गाडी खाली घेणारे महाभागही असतात, तसलं काही केलं नाही त्यानं, एवढी अक्कल शाबूत आहे. शॉकअप मात्र जुनेच ठेवले. पैसे संपले, दुसरं काय! ते शॉकअप काही या आखूड स्प्रिंगांसाठी केलेले नाहीत, लवकर बसतील, असं गॅरेजवालाच म्हणाला. अलाइनमेंट लगेच करून घेतली ते बरं केलं. गाडी खाली आली की चाकं वरून आत कलतात आणि टायरची आतली कड खाल्ली जाते, आपल्या माईंची चप्पल झिजते ना, अगदी तशी.

आणि ती चाकं! पंधरा इंची काढून सोळा इंची अलॉय. मला वाटलं चाकं मोठी केली तर गाडी उलट वर नाही का जाणार? तर नाही. जुनं टायर १७५/६५ आर १५, नवं १८५/५५ आर १६. त्यानं मोबाइलवर हिशोब करून दाखवला, दोन्ही चाकांच्या उंचीत दीड मिलिमीटरचासुद्धा फरक नाही. मधली ताटली मोठी होते आणि भोवतीचं रबर बारीक होतं, एवढंच. म्हणून काटा वेगही बरोबर दाखवतो. पण रबर बारीक म्हणजे खड्ड्याचा दणका थेट ताटलीला, आणि आपल्या पुण्यात खड्ड्यांना काय तोटा!

अण्णा परत आले तो प्रसंग तुम्ही चुकवलात, तुम्ही तेव्हा नाशिकला होतात. रिक्षातून उतरले, बॅग खाली ठेवली आणि गाडीकडे बघतच राहिले. एक प्रदक्षिणा झाली. मग चारी टायर बुटानं दाबून पाहिले. "हवा गेलीय का रे?" धाकटा आकाशाकडे बघतोय. माई म्हणतात, "अहो, चहा निवतोय." चहा टाकलासुद्धा नव्हता हो! मला दिसत होतं ना इथून...

मग आमच्या ह्यांनी आगीत तेल ओतलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, म्हणे. नोंदणीच्या कागदात कंपनीनं दिलेलं जे लिहिलंय त्याच्याशी न जुळणारा बदल करायचा नाही, २०१९ साली सुप्रीम कोर्टानंसुद्धा हेच सांगितलं. आता स्प्रिंग त्यात बसते की नाही यावर अण्णांची आणि ह्यांची अर्धा तास जुंपली. विमा कंपनीला कळवलंस का, असं विचारल्यावर मात्र धाकट्याचा आवाज एकदम बसला. पुढच्या आठवड्यात कळवतो म्हणाला. तो आठवडा अजून उगवायचाय.

पण खरी मजा ताम्हिणीत झाली. खड्डा चुकला नाही, टायरला बाजूनं फुगा आला. तेही जाऊ दे, डिक्कीत स्टेपनी आहे, जुनीच, पंधरा इंची. ती लावायला घेतली तर नट बसेनात! या गाडीचे मूळचे नट बुडाशी गोल असतात, बाजारातल्या अलॉयचे निमुळते. स्टेपनीला गोलच लागतात. आणि जुने सोळा नट कुठे? माईंनी वर्तमानपत्रांच्या रद्दीबरोबर भंगारवाल्याला दिले. किलोवर! पावसात दोघं बापलेक तीन तास बसले. अण्णा एक शब्द बोलले नाहीत म्हणे. ओरडले असते तर परवडलं असतं, असं धाकटा मला म्हणाला.

तर काय सांगत होते... हां, आज सकाळचं. गाडीत तिघं होती, माई मागे. रिकामी गाडी कशीबशी तिरपी काढतो तो, एकेक चाक चढवत. आज अण्णा शेजारी बसून "सरळ घे, सरळ घे" करत होते. झालं! खर्रर्र. माई मागून म्हणाल्या, "पाटावर बसवून फरफटत नेल्यासारखं वाटलं." आणि अण्णांनी तिथल्या तिथे फर्मान काढलं, गणपतीला कोकणात पाच माणसं आणि सामान घेऊन जायचंय, त्याआधी जुन्या स्प्रिंगा परत घाल. धाकटा म्हणाला, विकल्या.

विकल्या कसल्या! जवळ या, सांगते. माझ्या पाण्याच्या टाकीमागे आहेत, चारही, गोणपाटात. "काकू, दोनच दिवस ठेवा" म्हणाला होता, त्याला दोन महिने झाले. आमच्या ह्यांनासुद्धा माहीत नाही. आणि मघाशी अण्णा आले ना आंब्याच्या लोणच्याचा डबा परत द्यायला, त्यांची नजर नेमकी तिकडे. गोणपाट जरासं सरकलेलं. "हे काय आहे?" मी आपलं पटकन म्हटलं, कुंड्यांचं स्टँड. त्यांनी लांबूनच एवढे डोळे बारीक केले आणि "असं?" एवढंच म्हणाले.

आता काय करते, दोन कुंड्या ठेवाव्याच लागल्या त्यांवर. एकीवर जास्वंद, एकीवर गवती चहा. जास्वंदीच्या कुंडीला तर इतकी बेतानं बसली आहे स्प्रिंग, बघाच तुम्ही.