चोवीस कोअर, एक पाडा

इंटेलच्या कोअर आय९-१४९००के या प्रोसेसरचे गुण वादातीत आहेत: २४ कोअर, वेग ६ गिगाहर्ट्झपर्यंत. दोष एवढाच, की भरात आला की २५३ वॅट खातो आणि तापतो. आमच्या डोंगरातल्या धडगावात तोही दोष उरत नाही. पावसाळ्यात ढग नुसता डोंगरावर टेकला की लाईट जाते आणि प्रोसेसर आपोआप थंड होतो. गेम चालू असेल तर शत्रूची गोळीसुद्धा हवेतच थांबते. यूपीएस मरता मरता टूं-टूं करतो, ते संगीत वेगळंच.

आमची नम्र शिफारस: पाड्यापाड्यावर एकेक आय९ बसवावा. विजेची काळजी नको, सरदार सरोवर धरणाच्या विजेत महाराष्ट्राचा २७ टक्के वाटा आहे. आणि वॉटर कूलिंगसाठी त्याच धरणानं आमच्या अक्राणी तालुक्यातली गावं आधीच पाण्यात घालून ठेवली आहेत.