कच्चं मडकं, पक्का व्हिसा

हिंगोलीचा माणूस परदेशी निघाला की आधी त्याचं मत तयार होतं, व्हिसा मागाहून येतो. तिकडं माणुसकी नाही, पोरं आईबापाला विचारत नाहीत, जेवणाला चव नाही, रस्ते मात्र आरशासारखे. एवढा मजकूर त्याला पाठ असतो. सहलीला जायचं ते या मजकुरावर शिक्का मारून आणायला.

शिक्का मिळतोच. गाडीत सगळी मराठी माणसं, पुढे मराठी बोलणारा टूर मॅनेजर, रात्री वरणभात. स्वित्झर्लंडात युंगफ्राऊयोखला ३,४५४ मीटर उंचीवर ‘बॉलिवूड’ नावाचं उपाहारगृह आहे आणि खाली इंटरलाकेनला यश चोप्रांचा पुतळा. आमचे एक काका त्या उंचीवर जाऊन डाळीत मीठ कमी असल्याची नोंद घेऊन आले. बर्फ कसा होता, असं विचारलं तर म्हणाले, “कसा म्हंजे? थंड होता की!” एवढे देश झाले, पण तिथल्या एकाही माणसाशी त्यांचं बोलणं झालं नाही. त्यामुळे तिकडं माणुसकी नाही, हे मत सुखरूप परत आलं. ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर त्यांचं आता याच विषयावर व्याख्यान असतं.

याच जिल्ह्यातल्या नर्सीत, परंपरेनुसार १२७० साली, जन्मलेला एक माणूस तर प्रवासालाच नाखूष होता. विठ्ठल पंढरपुरात आहे, मग बाहेर बघायचं काय, असा नामदेवांचा रोकडा सवाल. कथा सांगते, की कुंभार असलेल्या संत गोरोबाकाकांनी इतर संतांची डोकी थापटण्यानं ठोकून पाहिली आणि या एकाला कच्चं मडकं ठरवलं. (आज असं कुणी ठोकून पाहिलं तर आपण ग्राहक आयोगात जाऊ.) मग औंढा नागनाथला विसोबा खेचर भेटले, तेही पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेव संतापले. विसोबा म्हणाले, जिथं पिंड नसेल तिथं ठेव माझे पाय. पाय ठेवावेत तिथं पिंड! पक्कं मत मोडायला एवढा खटाटोप करावा लागला, आणि तोही हिंगोली जिल्ह्यात.

पुढे हाच माणूस पंजाबात घुमानपर्यंत गेला, तिथं राहिला, तिकडच्या लोकांना कळेल अशा बोलीत गायला. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. सोबत शेंगदाण्याच्या चटणीचा डबा होता की नाही, यावर अभ्यासक गप्प आहेत.

२०१५ च्या एप्रिलात ८८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, सदानंद मोरे अध्यक्ष होते. त्याआधी आपल्याकडं केवढी कुरकुर! तिथं मराठी कोण वाचणार, पुस्तकं कोण घेणार? प्रकाशकांनी तर पाठच फिरवली. नामदेव आमचे, हे सांगायला साहित्यिक दीड-दोन हजार किलोमीटर गेले, तर तिथल्या लोकांनी ‘बाबा नामदेव’ पिढ्यान्‌पिढ्या जपलेले. लंगरात जेवून परतलेली मंडळी नवलानं सांगत होती, “माणसं चांगली आहेत हो!” सातशे वर्षांनी लागलेला हा शोध.

आता उलटी वर्दळ येते आहे. औंढ्याजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा होणार, गुरुत्वीय लहरी टिपणारी, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. २०२३ मध्ये केंद्रानं तिला २,६०० कोटी मंजूर केले. देशोदेशीचे शास्त्रज्ञ येतील, तेही हिंगोलीबद्दलचा मजकूर पाठ करूनच. पुण्यामुंबईचे अधिकारी इथं बदली झाली की जो चेहरा करतात, तो आपल्या सवयीचा आहे. त्यामुळे त्यांच्या मजकुराचं आपल्याला वाईट वाटणार नाही.

तोवर पासपोर्ट कपाटात राहू द्या. नांदेडला हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात आलेले पंजाबचे यात्रेकरू नर्सीलाही येतात. त्यातल्या एखाद्या कुटुंबाला घरी जेवायला बोलवा, घुमानची हकीकत विचारा. आणि जेवण होईस्तोवर त्यांनाच बोलू द्या.