एकशे वीस टक्के खात्री

पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत कोड कसा लिहावा याची ‘पेप ८’ नावाची एक आचारसंहिता आहे, २००१ सालची. बिगरइंग्रजी देशांतल्या मंडळींना तीत विनंती आहे की कमेंट, म्हणजे कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेल्या टिपा, इंग्रजीतच लिहा. तुमची भाषा न येणारा माणूस हा कोड कधीच वाचणार नाही अशी १२० टक्के खात्री असेल, तरच सूट. शंभर टक्के पुरत नाहीत! आपल्याकडे वरचे टक्के कंत्राटात असतात आणि ते कुठे जातात हे सगळ्यांना ठाऊक असतं. या विसांचा मात्र पत्ता लागत नाही.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात बाकी खात्रीचा दर काय? रिलीज शुक्रवारी जाईल याची साठ टक्के, बॅकअप उघडेल याची पन्नास, ‘टेम्पररी फिक्स’ सोमवारी काढू याची शून्य. तेवढ्यावर पगार होतात, बढत्या मिळतात. मराठीत एक ओळ खरडायला मात्र एकशे वीस. यंत्राची तक्रार म्हणावी तर तीही नाही. # च्या पुढे ओळ संपेपर्यंत काय लिहिलंय याच्याशी पायथॉनला देणंघेणं नसतं, आणि २००८च्या पायथॉन ३पासून देवनागरी विनातक्रार चालते. म्हणजे सोवळं माणसांचंच. आणि या सोवळ्यात लिहितात काय, तर i = i + 1 च्या शेजारी ‘इन्क्रिमेंट आय बाय वन’. हे जगाला कळायलाच हवं होतं! पण सातबाऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, एकूण क्षेत्रातून वजा का केला, हे कुठेच नाही. कारण ते इंग्रजीत मांडता आलं नाही, मराठीत मांडायची लाज वाटली, आणि पुढचा माणूस ती वजाबाकी चूक समजून बिनदिक्कत खोडतो. मग शेतकऱ्याने मारायचे हेलपाटे.

यावर स्टारऑफिस या ऑफिस-सॉफ्टवेअरचा दाखला येईल. तो कोड जर्मनीतला, कमेंट जर्मन. खुला झाल्यावर स्वयंसेवकांनी त्या इंग्रजीत आणायला वर्षं घालवली. खरं आहे. पण लिहिल्या होत्या म्हणूनच आणता आल्या ना? न लिहिलेल्या कारणाचं भाषांतर कोणता स्वयंसेवक करणार? कोड पहिल्या दिवसापासून जगासाठी असेल, किंवा शेजारच्या खुर्चीत चेन्नईचा सहकारी असेल, तर इंग्रजी लिहा, कुणाची ना नाही. पण वाचणारा, लिहिणारा आणि भोगणारा तिघेही मराठी असताना मोडक्या इंग्रजीत गप्प बसणं याला व्यावसायिकता म्हणत नाहीत, कामचुकारपणा म्हणतात.