गळ्यात स्कार्फ घातलेला गृहस्थ

लोकांच्या मनात स्काउटची दोन चित्रे पक्की बसलेली आहेत : एकात तो एखाद्या म्हातारीला, बहुधा तिच्या मनाविरुद्ध, रस्ता ओलांडून देतो, तर दुसऱ्यात काटक्यांवर काटक्या घासून रानात जाळ पेटवतो. शाळेच्या मैदानावर प्रत्यक्ष आढळणारा स्काउट मात्र वीर कमी आणि संसारी गृहस्थ अधिक असतो.

रॉबर्ट बेडन-पॉवेल या ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने 1907 साली ब्राउनसी बेटावर मुलांचे पहिले शिबिर भरवले, तेव्हा त्याने मुलांचे लहान लहान संघ पाडून कामे त्यांच्याच गळ्यात घातली, आणि स्काउटच्या सगळ्या संसाराचे मूळ या व्यवस्थेत आहे. संघ म्हणजे सहा ते आठ मुलांचा गट आणि संघनायक म्हणजे त्यांच्यातलाच एक, ज्याच्याकडे अधिकार थोडा आणि जबाबदारी सगळी असते. शिबिरात हा नायक वाघाच्या पावलांचा माग काढत नसून तंबूची हरवलेली खुंटी शोधत असतो, आणि ती शेजारच्या संघाने पळवली याविषयी त्याची खात्री असते, कारण काल त्यांची त्याने पळवलेली असते. बिनभांड्याच्या स्वयंपाकात, म्हणजे निखारे, तापलेले दगड आणि पाने यांवरच जेवण रांधण्याच्या प्रकारात, बटाटा बाहेरून कोळसा आणि आतून कच्चा निघतो. तरीही तो संपूर्ण संघ चवीने खातो, कारण तपासणीला येणारे गुरुजी जवळच उभे असतात. त्यानंतर बांबू आणि सुतळी घेऊन चपला ठेवण्याची मांडणी बांधली जाते. सुतळीचे टोक दातांत धरून पहिला फास आवळायचा, आडव्या-उभ्या बांबूंवरून चौकोनी वेढे घ्यायचे आणि शेवटी ते मधून कसायचे, एवढे सारे झाल्यावर चपला पूर्ववत तंबूच्या दारात पडतात, कारण मांडणी तपासणीसाठी स्वच्छ ठेवायची असते.

रोज एक सत्कृत्य करण्याचा नेमही याच प्रापंचिक वृत्तीने पाळला जातो. रात्री वही भरताना सत्कृत्य राहून गेल्याचे ध्यानात आले, की आजीचा चष्मा तत्परतेने शोधून दिला जातो. तो आधी कोणी ठेवला होता, याची नोंद वहीत नसते. ‘खरी कमाई’ या उपक्रमात स्वतःच्या श्रमाने पैसे मिळवायचे असतात. त्यासाठी शाळेत भेळेचे दुकान लागते, ज्याचे भांडवल वडिलांचे, कांदा आईने चिरलेला आणि गिऱ्हाईक वर्गशिक्षक असले, तरी उरलेले पैसे तीनदा मोजणारा मुलगा हिशेब शिकतो, हे नाकारता येत नाही.

प्रथम, द्वितीय, तृतीय अशी सोपाने, म्हणजे परीक्षेच्या पायऱ्या, चढत राज्य पुरस्कारापर्यंत जाणाऱ्या या मुलाला गाठी येतात, जखम बांधता येते, आठ जणांचा भात शिजवता येतो आणि, सर्वांत अवघड म्हणजे, रुसलेल्या सवंगड्याकडून भांडी घासून घेता येतात. घरी मात्र तोच मुलगा स्वतःचे ताट उचलत नाही, अशी आयांची सार्वत्रिक तक्रार आहे. तिचे कारण संस्कारांत शोधण्यात अर्थ नाही : शिबिरात प्रत्येक काम शिट्टीवर चालते आणि घरात शिट्टी फक्त कुकरची होते. तेव्हा आयांनी एक साधी शिट्टी विकत घेऊन स्वयंपाकघरात टांगावी आणि जेवण आटोपल्यावर ती जोरात वाजवून पाहावी.