सत्तावन्न झेपांचे स्वातंत्र्य

विज्ञानकथेच्या धर्तीवर खेळाचे विश्व रचताना आंतरतारकीय प्रवासाचा, म्हणजे एका ताऱ्याच्या ग्रहमालेतून दुसरीत जाण्याचा, नियम आधी ठरवावा लागतो, कारण सूर्यानंतरच्या सर्वांत जवळच्या ताऱ्यावरून प्रकाशालाही इथे यायला सव्वाचार वर्षे लागतात आणि तेवढा वेळ खेळाडू फासे मुठीत धरून बसत नाहीत. मार्क मिलर यांच्या १९७७ सालच्या ‘ट्रॅव्हलर’ या खेळात यान एका झेपेत एक ते सहा पार्सेक (एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे) ओलांडते, अंतर कितीही असो, झेपेला साधारण आठवडाच लागतो, आणि बातमी यानाहून वेगाने जात नसल्याने राजधानीचा हुकूम सीमेवर शिळा होऊनच पोहोचतो.

जालना जिल्ह्यातील तीर्थपुरीला याचे नवल वाटू नये. दिल्लीत १५ ऑगस्ट १९४७ रोजी आलेले स्वातंत्र्य निजामाच्या अमलाखालील या मुलखात १७ सप्टेंबर १९४८ रोजी उतरले. सरळ रेषेतल्या सुमारे हजार किलोमीटरांना ३९९ दिवस लागले, म्हणजे इंधन भरण्याचा खोळंबा सोडला तर मिलर यांच्या यानाच्या बरोबर ५७ झेपा, ज्यांत ते दर झेपेला सहा पार्सेक धरले तर अकराशेहून अधिक प्रकाशवर्षे दूर गेले असते. अखेरची झेप भारतीय सैन्यानेच घेतली, पण दप्तरी तिला ‘पोलीस कारवाई’ म्हटले गेले. प्रकाशवेगाची मर्यादा मोडण्याला नुसते ‘झेप’ म्हणणाऱ्या खेळकर्त्यांना हे नामकरण परके वाटणार नाही.